अनुभव धागा : टेपमध्ये घुसलेले आवाज

तबकडीवाला
परवा रात्रीच्या गाडीत वरच्या बर्थवर पडून एक जुनी खाजगी मैफल ऐकत होतो. बागेश्री, विलंबित, बुवा अजून मंद्रातच फिरतायत. तेवढ्यात लांबून इंजिनाची शिट्टी. स्टेशन आलं वाटून इअरफोन काढला, तर गाडी मध्येच कुठेतरी मख्ख उभी, बाहेर काळोख, सगळा डबा घोरतोय. शिट्टी टेपमधली! मैफल मिरजेतल्या एका वाड्यातली आहे, रूळ फार लांब नसणार. मागे नेऊन परत ऐकलं. शिट्टी नेमकी पंचमावर. बागेश्रीत पंचम जपून, जाता जाता लावायचा, हे इंजिनाला कोण सांगणार? पण बुवांनी काय करावं, थोडं थांबून तोच पंचम असा अलगद घेतला की समोरची मंडळी हसली आणि कुणीतरी म्हणालं, "घ्या, गार्डसाहेब!" ही टेप कितीदा ऐकली असेल, पण ते हसू कशाबद्दल आहे हे परवा कळलं.

माझ्याकडे तबकड्या आहेत, एलपी आहेत, स्पूल आहेत. कॅसेटींना तर घरात जागाच उरली नाही (घरच्यांच्या मते माणसांना). कंपनीच्या रेकॉर्डींना मी नावं ठेवत नाही. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं मिळणार, तेवढ्यात राग उभा करायचा ही चेष्टा नव्हे. द. वि. पलुसकर १९५५ साली गेले तेव्हा ३४ वर्षांचे होते, आणि कितीतरी घरांत ते पोचले ते या तबकड्यांतूनच. पण माझा जीव अडकतो खाजगी टेपांत. तिथे गाणं असतंच, शिवाय गाण्याच्या आजूबाजूचं सगळं असतं. खोकले, उशिरा आलेल्या माणसाच्या चपला, "पुढे सरका".

१९०२ साली कोलकात्याला गौहर जान पहिल्यांदा रेकॉर्ड झाल्या. त्यांच्या तबकड्यांच्या शेवटी "माय नेम इज गौहर जान" ऐकू येतं. ते घुसलेलं नाही, मुद्दाम घातलेलं. तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या, तिथल्या माणसाला गाणारी कोण ते कळावं म्हणून. पण गंमत बघा, आज ठुमरी विसरलेल्यांनाही ते वाक्य पाठ आहे.

हल्ली ओळखीतले एक तरुण गृहस्थ जुन्या टेपा 'स्वच्छ' करून देतात. एक फाइल पाठवली. खरखर गेली, खोकला गेला आणि तंबोराही गेला! सतत चालणारा बारीक आवाज म्हणजे सॉफ्टवेअरच्या लेखी कचरा, आणि तंबोऱ्याचं तर कामच ते. बुवा नुसते पोकळीत गातायत. मी मूळ टेप कपाटात वरच्या कप्प्यात नेऊन ठेवली.

तर तुमच्याकडच्या टेपांत काय काय घुसलंय ते लिहा. रेडिओवरून केलेलं, लग्नातलं, प्रवासात आणलेलं, काहीही चालेल.

निवांतबाई
कपडे वाळत घालायचेत, पण आधी हे लिहून टाकते. आमच्याकडे गाणी टेप करायची पद्धत म्हणजे रेडिओपुढे टेपरेकॉर्डर ठेवायचा, पंखा बंद करायचा आणि सगळ्यांनी श्वास रोखून बसायचं. दोन्ही यंत्रं वायरने जोडता येतात हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. एका नाट्यगीताचा पहिला अंतरा संपतो न संपतो तोच आजी स्वयंपाकघरातून, "अगं गॅस बंद कर, उतू गेलं!" तेच गाणं आता मोबाइलवर एकदम स्वच्छ ऐकू येतं, पण अंतरा संपला की माझी मान आपोआप ओट्याकडे वळते. लेक म्हणते, आई, गॅस बंदच आहे.

बाजू_ब
आमच्याकडे पोपट.

सहज_आलो
आमच्या रेडिओ सिलोनच्या टेपांत समुद्र घुसलाय. बुधवारी रात्री आठ वाजता बिनाका गीतमाला, शॉर्टवेव्ह. अमीन सयानी जवळ यायचे, लांब जायचे, पुन्हा जवळ यायचे. क्रमांक जाहीर व्हायची वेळ आली की नेमके लांब. पहिल्या पायदानावर कुठलं गाणं होतं यावरून आमच्या दोन काकांत झालेला वाद अजून मिटलेला नाही, आणि टेप पुरावा म्हणून कुणाच्याच बाजूने उभी राहत नाही.

तबकडीवाला
@बाजू_ब, पोपट म्हणजे? असं अर्ध्यात सोडू नका हो.

काळी_दोन
तबकडीवाले, शिट्टी पंचमावर होती म्हणता, पण टेप कुठल्या वेगाने फिरतेय ते तपासलंत का? कॅसेटचा वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर ठरलेला, पण घरगुती मशीन ते कधी पाळत नाहीत. त्यात तुमची कॉपीची कॉपी असणार.

तबकडीवाला
बुवा आणि इंजिन एकाच टेपवर आहेत. वेग वाढला तर दोघंही बरोबरच चढणार, षड्ज-पंचमाचं नातं कसं बदलेल?

काळी_दोन
नातं नाही बदलणार, पट्टी बदलेल. म्हणजे इंजिन सुरात होतं एवढंच सिद्ध झालं :)
पण जुन्या तबकड्यांना हा घोळ फार. सगळ्यांना मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या म्हणतात, पण सुरुवातीच्या काळात वेग कुठे ठरलेला होता? कुठली बहात्तरने कापलेली, कुठली ऐंशीने. ७३-७४ ने कापलेली तबकडी ७८ ने लावली की गाणं जवळजवळ अर्धा सूर वर जातं. मग पेटीच्या काळी चारला गाणारी बाई पांढरी सहाला ऐकू येते, ताना भिंगरीसारख्या सुटतात आणि आपण म्हणतो, काय तयारी होती त्या काळी! होतीच. पण थोडी मोटारचीही होती.

वारणाकाठ
आमच्या गावच्या भजनी मंडळाची एक टेप हाय. एकादशीची रात, अभंग निम्म्यावर आलाय, मृदंगवाला रंगात, आन् मधीच यष्टीचा हॉर्न. मुक्कामाची गाडी. लगेच दोघं-तिघं उठल्याली ऐकू येत्यात, कुणाचा तरी पावना आला आसंल म्हणून. टाळ एकदम पातळ झाले. बुवा गाता गाताच म्हणत्यात "बसा रं!" ते बी तालात. आता मंडळातली पोरं तो अभंग म्हणत्यात, तर त्या जागी "बसा रं" म्हणत्यात. त्यास्नी वाटतंय अभंगातच हाय.

निवांतबाई
@वारणाकाठ, हे वाचून मोठ्याने हसले. पाठभेद तयार होतात ते असे :)))

रिकामटेकडी
माझे बाबा मस्कतला होते. फोन परवडायचा नाही, म्हणून कॅसेटी जायच्या-यायच्या. कोरी कॅसेट नसली तर गाण्याच्या कॅसेटच्या वरच्या खाचा सेलोटेपने बुजवायच्या आणि त्यावर बोलायचं. (लहान मुलांसाठी माहिती : खाच उघडी असेल तर रेकॉर्डचं बटण दाबलं जात नाही.) भाऊ शाळेतली कविता म्हणणार, मी मार्क सांगणार, शेवटी आईची पाळी. आईला यंत्रापुढे बोलायची भयंकर लाज. "इकडे सगळं ठीक आहे." मग नुसती शांतता. मागून शेजारच्या मावशी हळूच, "बोल की गं!" आई पुन्हा, "ठीक आहे सगळं." आणि बटण बंद. की लगेच खालचं नाट्यगीत उसळी मारून सुरू, तेही बरोबर तानेच्या मध्यावर.

बाबांच्या खोलीवरच्या मित्रांचा समज असा की वहिनी निरोप देतात आणि मग गाऊन दाखवतात. बाबांनी तो समज कधी दूर केला नाही. सुट्टीवर आलेल्या एका मित्राने घरी येऊन आईला गाण्याचा आग्रह केला तेव्हा सगळं बाहेर आलं.

मीच_ती
रिकामटेकडी <3 आमच्या मामांच्या अशाच टेपा होत्या, आजीने जपून ठेवलेल्या. बाकी नंतर लिहिते, दारावर कुरिअर आलंय.

मठ्ठ_मुलगा
मस्त धागा. एक प्रश्न, हसू नका. बाजू ए, बाजू बी म्हणजे नक्की काय? मी २००४ चा.

सहज_आलो
धाग्यात लहान मुलांना कुणी सोडलं?

पालटा
अरे, कॅसेट उलटी करून लावायची. नव्वदची असेल तर एका बाजूला पंचेचाळीस मिनिटं, साठची असेल तर तीस. आणि भारतीय संगीतावर कॅसेटने केलेला सगळ्यात मोठा अन्याय तोच. बुवांचा ख्याल बावन्न मिनिटांचा, मग काय करणार? द्रुत सुरू होतोय, सम येणार, येणार... खटक्. ती सम मी कित्येक वर्षं ऐकलीच नव्हती. पुढे त्याच मैफलीची अखंड प्रत मिळाली. सम आली, छानच होती, पण माझा हात टेपरेकॉर्डरकडे गेला होता. तिथे टेपरेकॉर्डर नव्हताच, मी गाडीत बसलो होतो.

एकशेवीसच्या कॅसेटी कुणी घेऊ नका म्हणून सांगायचे, कारण फीत अगदी पातळ, कधी गुंडाळली जाईल नेम नाही. मग पेन्सिल.

मठ्ठ_मुलगा
पेन्सिल???

पालटा
षटकोनी. चाकात घालून फिरवायची. आता आणखी विचारू नकोस, डोळे पाणावले.

खर्जातला
सगळे हसताय म्हणून थोडं वेगळं. खोकला आणि शिट्ट्या का होईना, तुमच्याकडे काहीतरी आहे. गवई भास्करबुवा बखल्यांचा आवाजच कुठे टिपलेला नाही. १९०२ ला कंपनीवाले यंत्र घेऊन येऊन गेले, १९०८ पासून तबकड्या कोलकात्यातच छापल्या जाऊ लागल्या, बुवा १९२२ पर्यंत होते. बुवांचे शिष्य म्हणून मास्तर कृष्णराव ऐकायचे, बालगंधर्व ऐकायचे, आणि त्यातून बुवा कसे गात असतील याचा अंदाज बांधायचा. मी हा उद्योग आयुष्यभर केलाय. गंधर्वांच्या एखाद्या जागेवर थांबून म्हणायचं, ही बुवांची असणार. पुरावा काही नाही.

काळी_दोन
त्या काळच्या कित्येकांना वाटायचं, तीन मिनिटांत काय गायचं आणि ते कुणाच्याही दिवाणखान्यात, कसंही वाजणार. त्यांचंही काही चूक नव्हतं. भोंग्यात तोंड घालून ओरडायचं, कारण मायक्रोफोन यायला १९२५ उजाडलं. तंबोरा तर त्यात जवळजवळ उठतच नसे. म्हणजे तबकडीवाल्यांच्या मित्राचं सॉफ्टवेअर शंभर वर्षं आधीच आलं होतं!

खर्जातला
हे मान्य. तरी एक तरी तबकडी हवी होती हो. अर्धी फुटलेली चालली असती.

अवकाशवेडा
अवांतर : ज्या रेकॉर्डमध्ये आता बाहेरचं काहीच घुसू शकत नाही अशी एक आहे. १९७७ साली सुटलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी आहे, तीत केसरबाई केरकरांची भैरवी. ती साडेसोळा... थांबा, १६⅔ फेऱ्यांनी वाजवायची. सुई आणि ती बसवायचं कार्ट्रिजही सोबत दिलंय, वाजवायची कृती चित्रांत कोरलीय.

सहज_आलो
आणि तिकडच्यांनी ७८ ने लावली तर? केसरबाई कुठल्या पट्टीत जातील, काळी_दोन हिशोब करा.

काळी_दोन
७८ भागिले १६⅔ म्हणजे पावणेपाच पट. दोन सप्तकांच्याही वर. बाईंना आवडणार नाही. बाईंना पुष्कळ गोष्टी आवडत नसत, म्हणून सांगतो.

मुक्कामपोस्ट
घुसलेले आवाज माझ्याकडे नाहीत, पण प्रवासाचं चालेल म्हणालात म्हणून. तबकड्या विमानातून आणताना हातातल्या बॅगेतच घ्याव्यात, हे माझं ठाम मत. सामानात दिल्या तर तुकडे पोचतात. एकदा तपासणीच्या पट्ट्यावर पडद्यावर काळ्या चकत्यांचा गठ्ठा दिसला, तर मला बाजूला घेतलं. साहेब म्हणाले, काय आहे? म्हटलं, गाणी. म्हणाले, वाजवून दाखवा. म्हटलं, यंत्र घरी आहे. ते थोडा वेळ विचारात पडले. मग लेबलवरचा भोंग्यापुढे बसलेला कुत्रा दिसला आणि चेहरा खुलला, "अरे, हमारे दादाजी के पास था!" नंतर रांग खोळंबली तरी ते आजोबांबद्दलच बोलत होते.

मीच_ती
तपासणीच्या यंत्राने कॅसेटी पुसल्या जातात म्हणे? माझी वहिनी त्या भीतीने पेटी घेऊन सरळ ट्रेनने आली.

तबकडीवाला
नाही पुसल्या जात. क्ष-किरणांनी चुंबकीय फितीला काही होत नाही. फितीचा शत्रू चुंबक. कॅसेटींचा ढीग मोठ्या स्पीकरला टेकवून ठेवू नका, म्हणजे झालं. आणि उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत एलपी कधीच नको, तासाभरात वाटी होते.

@मुक्कामपोस्ट, बाहेरच्या देशांतले संग्राहक इथे काय शोधत येतात माहीत आहे? बीटल्सच्या ७८ च्या तबकड्या. तिकडे सगळे पंचेचाळीस फेऱ्यांच्या तबकड्यांवर गेले तरी आपल्याकडे साठच्या दशकात चावीचे ग्रामोफोन घरोघर होते, म्हणून बीटल्सही लाखेच्या तबकड्यांवर छापले गेले. विजेशिवाय वाजणारे बीटल्स!

बाजू_ब
आत्ता वेळ मिळाला. पोपट दारावरच्या बेलचा हुबेहूब आवाज काढायचा. ताईच्या गाण्याच्या परीक्षेची तयारी टेप केलीय, त्यात यमन चालू असताना त्याने बेल वाजवली. टेपमध्ये ताई उठून दार उघडून येते आणि "कोणी नाही" म्हणते. पुन्हा यमन. पुन्हा बेल. पुन्हा ताई. आता घरात ती टेप लावली की कुणीतरी खरंच दार उघडायला जातं. एवढंच.

निवांतबाई
एवढंच म्हणे!

मिरजकर_नसलेला
मिरज, गाडी आणि गाणं म्हटल्यावर खाँसाहेब अब्दुल करीम खाँ आठवले. १९३७ साली मद्रासहून पाँडिचेरीला निघाले होते. वाटेत बरं वाटेना म्हणून सिंगपेरुमाळ कोइल नावाच्या छोट्या स्टेशनावर उतरले आणि तिथेच गेले. मिरजेला दर्ग्याच्या उरुसात त्यांच्या नावाने रात्र रात्र गाणं होतं, तिथल्या टेपांत आजूबाजूची जत्रा ऐकू येते. मला स्वतःला ती जत्रा जरा कमी चालेल. तबकडीवाल्यांइतकं माझं मन मोठं नाही. गाणं ऐकायला बसलो की मला गाणंच हवं, फुगेवाला नको.

तबकडीवाला
तुमचं बरोबर आहे, आणि म्हणूनच दोन प्रती ठेवाव्यात. ऐकायला साफ केलेली, ठेवायला जशीच्या तशी. साफ केलेल्यातून मूळ परत काढता येत नाही, उलट कधीही करता येतं. माझा आग्रह एवढाच. आणि कॅसेटवर तारीख, गाव, तबल्याला कोण होतं, हे लिहा हो! "पंडितजी, छान" एवढंच लिहिलेल्या किती टेपा आहेत माझ्याकडे. कुठले पंडितजी?

मठ्ठ_मुलगा
पणजोबांच्या पेटीत काळ्या तबकड्या सापडल्या. बुरशी आली आहे, पांढरी. सॅनिटायझरने पुसू का? लेबलवर 'यंग इंडिया' आहे.

काळी_दोन
नको! थांब! ती लाखेची आहे, स्पिरिट लागलं की लाख विरघळते, खोबणीसकट गाणं फडक्यावर येईल. ऊर्ध्वपातित पाणी, त्यात भांड्यांच्या साबणाचा एखादा थेंब, मऊ फडकं, खोबणीच्या दिशेने गोल, लेबल कोरडं ठेवायचं. उभ्या ठेव, एकावर एक नको. आणि एलपीच्या सुईने वाजवू नकोस, त्या सुईला ही खोबण फार रुंद पडते, ती तळाला घासत जाते आणि नुसती खरखर ऐकू येते. ७८ ची सुई वेगळी मिळते.

मठ्ठ_मुलगा
बाप रे. बाटली हातात होती.

मीच_ती
कुरिअर आटोपलं. मामांच्या टेपा म्हणाले होते ना, त्या कॅसेटी नाहीत, मोठे स्पूल आहेत. मामींनी माळ्यावर पत्र्याच्या डब्यात ठेवलेत. डबा उघडला की आंबट वास येतो, लोणचं बिघडल्यासारखा. हे काय असतं?

तबकडीवाला
अ‍ॅसिटेटची फीत कुजायला लागलीय. एक स्पूल उजेडासमोर धरून बघा. आरपार उजेड दिसला तर अ‍ॅसिटेट, नाही दिसला तर पॉलिएस्टर. वास येणारे बाकीच्यांपासून लगेच वेगळे करा, त्या वाफेने शेजारचेही बिघडतात. पत्र्याचा बंद डबा नकोच, हवा खेळू द्या, थंड कोरड्या जागी ठेवा. आणि मशीनवर चढवून 'चालतंय का बघू' अजिबात करू नका, वाकडी झालेली फीत तुटते. वासाचे आधी डिजिटल करून घ्यायचे, बाकीचे मागाहून. किती आहेत?

मीच_ती
मोजावे लागतील. मामींना विचारल्याशिवाय डब्याला हात लावता येत नाही, आणि त्या आत्ता मालिका बघतायत. साडेनऊनंतर सांगते.

सहज_आलो
मालिका चालू असताना मोजाल तर त्या टेपेतही घुसेल.

मीच_ती
गप्प बसा हो :) दहा मिनिटं उरलीत.